चौथी अट

१९९४ साली मी कर्वेनगरच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दर बुधवारी येरवड्याला, बायकांच्या जेलमध्ये चित्रकला शिकवायला जाऊ लागले. घरी बसून यजमानांशी वाद घालण्यापेक्षा ते बरं वाटलं.

वर्गात हुस्नबानू नावाची एक बाई असायची. तिशीची, हाडकुळी. नवऱ्याच्या डोक्यात खलबत्त्यातला बत्ता घातला म्हणून जन्मठेप लागलेली. ती चित्रं काढत नसे. कोपऱ्यात बसून इतरांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायची.

एका बुधवारी तिने विचारलं, "बाई, सुपरहिरो कुणाला म्हणतात?"

तिची मुलगी सुरय्या नऊ वर्षांची होती. गंज पेठेत मामाकडे, रज्जाककडे राहायची. तिला कॉमिक्सचं भारी वेड. 'अम्मी, मला सुपरहिरोची गोष्ट पाठव,' असं तिने पत्रात लिहिलं होतं.

"जो उडतो तो," मी म्हणाले.

"विमानपण उडतं."

मग आम्ही सुरय्यालाच पत्र टाकून विचारलं.

वहीची दोन पानं भरून उत्तर आलं. मुलगी मराठी शाळेत जायची, आईला मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवू लागले. "सुपरहिरोकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली शक्ती पाहिजे. ती त्याने स्वतःसाठी वापरायची नाही. त्याचं दुसरं नाव आणि वेगळे कपडे पाहिजेत, नाहीतर तो नुसता चांगला माणूस."

चौथी अट पान उलटल्यावर होती. 'तो कोणाला जिवे मारत नाही. मारलं तर तो सुपरहिरो राहत नाही.'

मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "एवढंच आहे."

हुस्नबानूने गोष्ट रचली. गल्लीत साड्यांना फॉल लावून देणारी एक बाई. कितीही भिंती मध्ये असल्या तरी रडणाऱ्या मुलाचा आवाज तिला ऐकू येतो. मग ती लाल अस्तराचा बुरखा उलटा करून घालते आणि बाहेर पडते. नाव बिजलीबानू. हुस्नबानू सांगायची, मी चित्रं काढून खाली मजकूर लिहायचे, आणि पानं टपालाने जायची.

सुरय्याने कळवलं, 'शक्ती चांगली आहे. पण ती उडत नाही, मग वेळेवर पोचते कशी?'

हुस्नबानू हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "लिहा, कधी कधी नाही पोचत."

पाचव्या भागात बंद खोलीत एक बाप मुलीचा हात पिरगाळत असतो. बिजलीबानू दार तोडून आत शिरते. "आणि तिनं त्याला मारून टाकलं," हुस्नबानू म्हणाली.

पुढच्या बुधवारी मी चित्र नेलं. माणूस दोरीने बांधलेला, शेजारी हवालदार. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, चित्र येत होतं.

"बाई, हा जिवंत आहे."

"लहान मुलांच्या गोष्टीत असं..."

"सुरय्यानं काही लिहिलं होतं का?"

मला खोटं बोलवेना. मी चौथी अट सांगितली. ती हातातल्या पेन्सिलीला टोक करत राहिली.

"ती त्या खोलीतच होती, बाई. तो हात तिचाच होता. मोडला तो." पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "पोरीनं मला जे लिहिलं, ते तुम्ही ठेवून घेतलंत."

"चुकलं माझं."

"आता तो मेलेला काढा."

"अहो, ती पुन्हा लिहिणार नाही."

"नाही तर नाही. तिच्या डोळ्यांसमोर झालंय. तिला खोटी गोष्ट सांगून काय करू?"

मी काढलं. शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवली, पण माझ्या हातून मेलेला माणूस कधी उमटला नव्हता.

सात आठवड्यांनी पत्र आलं, ते माझ्या नावाने. 'बाई, बिजलीबानू आता सुपरहिरो नाही. मग ती कोण आहे, ते अम्मीला विचारा.'

या वेळी मी शब्दन् शब्द वाचला. हुस्नबानूने उत्तर द्यायला दोन बुधवार घेतले.

"लिहा," ती म्हणाली, "बिजलीबानू जेलमध्ये आहे. एवढंच मला ठाऊक आहे."

त्यावर सुरय्याचं उत्तर आलं नाही. पुढे वर्गात कुणी गोष्टीचा विषय काढला की हुस्नबानू उठून पाणी प्यायला जायची.

चौदा वर्षं भरून २००६ साली ती सुटली. मी फाटकापाशी गेले होते. रज्जाक रिक्षा घेऊन एकटाच आला होता. त्याने पुण्याबाहेर मांजरी गावात तिच्यासाठी एक खोली बघून ठेवली होती.

"सुरय्या?" मी विचारलं.

"ड्यूटी आहे तिची," तो खाली बघत म्हणाला. सुरय्या तेव्हा एका दवाखान्यात नर्स होती.

हुस्नबानू रिक्षात बसली.

मांजरीत ती आता शिवणकाम करते. रज्जाक सांगतो, सुरय्या महिन्यातून एकदा जाते. आईची औषधं नेते, तिच्यासोबत जेवते, भांडी घासते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. दोघींमध्ये बोलणं फारसं होत नाही.