हिरव्या दोऱ्याची शिवण

ते पत्र मी चौदा महिन्यांपूर्वी वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. त्या शब्दकोशाला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. उत्तर काही लिहिलं नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाई कुठल्याशा शाळेत शिक्षिका होत्या. अक्षर टपोरं, चूक एकही नाही. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. मजकूर नंतर कळला.

‘तुमच्या मंडळाच्या अंकात तुमचा लेख वाचला. सोबतच्या फोटोत सैनिकाची पाण्याची बाटली आहे. तिच्या लोकरी गवसणीला तळाशी हिरव्या दोऱ्याची शिवण आहे. तो दोरा माझ्या लहानपणीच्या फ्रॉकचा. बाबा शेवटचे रजेवर आले होते, तेव्हा आईने ती गवसणी शिवून दिली. पुढे बाबा आले नाहीत, बाटली आली. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ घरी आले. त्यांनी तुमच्या सहीची चिठ्ठी दाखवली, म्हणून आईने ट्रंक उघडली. तुम्हाला दाखवून आठवड्यात परत आणतो म्हणाले. आई अजून विचारते, तो माणूस आला का. बाटली तुमच्याकडे असेल तर कृपा करून कळवा.’

बाटली माझ्यासमोरच होती. टेबलावरून मान वर केली की दिसेल अशी, काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर.

जुन्या लष्करी वस्तू जमवण्याच्या आमच्या छंदात खोट्याचा सुळसुळाट फार. नवी शिरस्त्राणं मिठाच्या मातीत पुरून गंजवतात, कातडी पट्टे चहाच्या पाण्यात उकळून जुने करतात. म्हणून भरवशाचा विक्रेता मिळणं हीच आमची खरी कमाई. मंडळात एक रीत आहे. एखाद्या विक्रेत्याकडून वर्षानुवर्षं वस्तू घेतलेल्या जुन्या सभासदाने त्याला सहीनिशी चिठ्ठी द्यायची: ‘यांच्याकडची एकही वस्तू खोटी निघाली नाही.’ नवीन लोक त्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. अशी एक चिठ्ठी मी कर्नलला दिली होती. हा कर्नल सैन्यात कधीच नव्हता. मिशा आणि मोठा आवाज, एवढ्या भांडवलावर त्याला ते नाव पडलं होतं.

कर्नलने बाटली आणली तेव्हा मी ती तासभर तपासली. लोकरीचा वास घेतला, बुचाची साखळी पाहिली, भिंगातून शिवण पाहिली. आणि लेखात मोठ्या ऐटीत लिहिलं: ‘हा टाका सैन्याच्या शिंप्याचा नव्हे, घरचा आहे. नकली माल करणाऱ्याला हे कधी सुचणार नाही. म्हणून वस्तू अस्सल.’ घरचा टाका! घर ओळखलं आणि कुणाचं घर, हे विचारायचं मला सुचलं नाही. की विचारायचं नव्हतं? चौदा महिने मी स्वतःला सांगत होतो की सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात बायकोला एका शब्दाचा अर्थ अडला. कधी नव्हे ते तिने शब्दकोश उघडला.

“अहो, हे काय आहे?”

“पत्र.”

“ते दिसतंय मला. तारीख वाचलीत?” ती उभ्यानेच शेवटपर्यंत वाचत गेली. मग कपाटाकडे पाहिलं. “ही तीच ना?”

मी मान हलवली.

“दर रविवारी पुसता तिला. मऊ फडक्याने,” ती म्हणाली. पत्र माझ्यासमोर ठेवून ती आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कर्नलच्या दुकानात गेलो. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. दारातच ती विसरलो.

“या काका! तुमच्यासाठी एक लष्करी कंपास बाजूला काढून ठेवलाय.”

“ती बाटली,” मी म्हणालो, “तुम्ही त्या बाईंना परत आणून देतो म्हणाला होतात?”

“कुठली बाटली?” मग त्याला आठवलं. “हां, ती! काका, वस्तू खोटी निघाली का?”

“नाही.”

“मग तक्रार काय? ट्रंकेत कसर लागली असती. तुमच्याकडे काचेत आहे, फोटो छापून आला. म्हातारीने उलट आभार मानायला हवेत.”

“माझी चिठ्ठी दाखवलीत तुम्ही तिथे.”

“तिचा तर उपयोग होतो! लोक मला दारात उभं करत नाहीत, पण तुमचं अक्षर बघितलं की पाणी विचारतात. सज्जन माणसाचं अक्षर आहे म्हणतात.”

“माझ्याकडे तुमच्या आणखी सहा वस्तू आहेत. त्या ज्यांच्या घरून आणल्यात, त्यांचे पत्ते द्या.”

तो मनापासून हसला. “पत्ते कोण ठेवतं काका? आणि इतक्या वर्षांत तुम्ही तरी कधी मागितलेत?”

मी चिठ्ठी परत मागितली. त्याने खिशातून काढून दिली. घड्यांवर पार विरली होती, किती दारांत उघडली गेली असेल कोण जाणे. “झेरॉक्स आहेत माझ्याकडे,” तो म्हणाला, तेही गोड आवाजात.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. विक्रेत्यांची लबाडी, माझी प्रकृती, माझीही झालेली फसवणूक. बायकोने वाचून कागद परत केला.

“यात बिचारे तुम्हीच दिसताय.”

दुसरा दोन पानांचा. “अजून आहातच,” ती म्हणाली.

चौथ्या वेळी एवढंच उरलं:

‘बाटली माझ्याकडे होती. तुमचं पत्र आलं त्या दिवशीच मला ते कळलं. ती द्यावी लागेल म्हणून मी उत्तर दिलं नाही. सोबत पाठवत आहे. मी ती फक्त पुसली आहे, शिवणीला हात लावलेला नाही. तुमच्या आईंना सांगा, तो माणूस आला नाही, येणारही नव्हता. चिठ्ठी माझी होती, ती मी रद्द केली आहे. का केली, हे पुढच्या अंकात माझ्या नावानिशी छापायला दिलं आहे. त्या लेखात माझ्याकडच्या आणखी सहा वस्तूंचे फोटो आहेत. कुणी ओळखल्या तर त्यांच्या होतील.’

‘तुमच्या आई कशा आहेत’ असं शेवटी लिहिलं होतं. ते खोडलं. चौदा महिन्यांनंतर ते विचारायचा हक्क मला उरला नव्हता, आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

बाटली बायकोने जुन्या शालीत गुंडाळली. मी खोकं बांधलं, गाठ दोनदा सुटली.

पोस्टातल्या बाईंनी खोकं वजनाला ठेवलं. “आत काय आहे आजोबा?”

“पाण्याची बाटली. जुनी.”

“फुटण्यासारखी आहे?”

“नाही. पत्र्याची आहे.”

“मौल्यवान वस्तू म्हणून नोंदवू?”

“हो,” मी म्हणालो. “पण माझी नाही ती.”

त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि खोकं मागच्या गोणीत ठेवलं.