निळं झाकण

मी तोंड आवरलं असतं तर एझेल पेटवेवर ती वेळच आली नसती. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला शाबासकी द्यायला नको.

आमच्या मिलमध्ये पोलादी पत्र्याच्या कॉइल, म्हणजे गुंडाळ्या, रेल्वेत भरायचं काम आम्ही दोघं करायचो. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, एझेल खाली वाघिणीपाशी, म्हणजे मालडब्यापाशी. एकेक कॉइल वीस टनांची. वाघिणीच्या हौदात ती ओळीने बसवायची आणि वरून भलंमोठं लोखंडी झाकण ठेवायचं. वाघिणीच्या चार खुंट्या झाकणाच्या चार भोकांत नीट बसल्या की एझेल हात आडवा करायचा आणि मग मी साखळ्या सोडायचे. एकोणीस वर्षं त्याच्या हाताकडे बघत मी काम केलं.

आता झाकणांचं असं आहे, की एका वाघिणीचं झाकण तिच्यावरच असेल याचा काही नेम नाही. माल उतरवणाऱ्यांना घाई असते. हाताशी येईल ते झाकण उचलतात आणि समोर येईल त्या वाघिणीवर टाकतात. राखाडी वाघिणीवर तपकिरी झाकण, त्यावर तिसऱ्याच रेल्वेचं नाव. इंडियानापासून खाली टेनेसीपर्यंत सगळ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्याकडे बघतसुद्धा नाही. क्वचित एखादं वेगळ्या घडणीचं झाकण बोटभर तिरकं बसतं, आणि मग आत पाणी जातं.

एझेलला एक खोड होती. झाकण घोडीवर, म्हणजे लोखंडी तिवईवर, टेकवलेलं असलं की तो वाकून आत शिरायचा आणि आतल्या बाजूला खडूने वाघिणीचा नंबर, तारीख आणि त्याखाली 'कोरडी जा' असं लिहून सही करायचा.

"वाघिणीला पत्रं लिहितोस," मी वरून ओरडायचे. "बायकोला लिहिलंस का कधी एखादं?"

"लुरलीन वाचते," तो म्हणायचा. "आणि चुका काढते. ही बिचारी गप्प जाते."

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आमची एक वाघीण कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात उघडली, तर आतल्या तीन कॉइल गंजून लाल झालेल्या. त्यांनी फोटो पाठवला. वर तपकिरी झाकण, तेही तिरकं. आमच्याकडे ब्रुकमन नावाचा नवा मॅनेजर आला होता. त्याने मला बोलावून विचारलं की सतरा तारखेला या वाघिणीवर कोणतं झाकण ठेवलंस. माझी पाळी संपलेली, पोटात कावळे ओरडत होते.

"साहेब, झाकण म्हणजे झाकण," मी म्हणाले. "रंग बघायला मी काय नेलपॉलिश घ्यायला बसलेय?"

तो हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

आठवड्याने भलतंच झाकण बसवल्याचा ठपका ठेवून एझेलला घरी बसवलं. आपण निळंच झाकण बसवून घेतलं होतं, चारही खुंट्या बसल्या होत्या, असं तो सांगत राहिला. ब्रुकमनने माझंच वाक्य त्याच्यासमोर वाचून दाखवलं. तुमची क्रेनवालीच म्हणते की इथे झाकणाकडे कुणी बघत नाही, मग तुमच्या निळ्या रंगावर विश्वास कसा ठेवू? शेवटची सुनावणी नोव्हेंबरात होती. नोकरी गेली असती तर मिलचा विमा गेला असता, आणि लुरलीनची दोन्ही मूत्रपिंडं त्या विम्यावर चालत होती.

मी कोबी घालून नूडल्स केले आणि भांडं घेऊन त्याच्या दारात उभी राहिले.

"रागावलायस का?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "भांडं आत ठेव."

स्वयंपाकघरात बसून त्याने मला युनियनच्या माणसाने काढलेली माहिती सांगितली. कॉइल हलल्यात का ते बघायला ती वाघीण ओहायोतल्या एका यार्डात दोन दिवस थांबवली होती. झाकण तिथे उतरवलं असणार. पण यार्डवाल्यांना काही आठवत नव्हतं आणि झाकणाची नोंद कुठेच नसते.

"निळ्याच्या आत तुझं अक्षर आहे ना?" मी म्हणाले. "नंबर आहे, तारीख आहे. ते सापडलं तर?"

"अगं वेरोना, हजारो झाकणं फिरतायत देशभर. कुठे शोधणार?"

लुरलीन खुर्चीतून म्हणाली, "पोरीला करू दे काहीतरी. नाहीतर ती रोज नूडल्स आणेल."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाळीच्या आधी अर्धा तास यायला लागले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक झाकणाच्या आत वीतभर अक्षरांत लिहायचे: 'निळं झाकण शोधतेय. आत लिहिलंय: कोरडी जा, ए. पेटवे. सतरा ऑगस्ट. दिसलं तर वेरोनाला फोन करा.' खाली घरचा नंबर. एझेलच्या जागी आलेला माणूस म्हणायचा की बाई, तुमचं डोकं फिरलंय. माझे गुडघे रोज त्याच्याच बाजूने बोलायचे.

फोन आले. एकाने माझं लग्न झालंय का ते विचारलं. एकाकडे निळं झाकण होतं, पण आत चिमणीचं घरटं होतं, अक्षर नव्हतं. ऑक्टोबर असाच गेला. सुनावणीला बारा दिवस उरले असताना केंटकीहून डार्लीन नावाच्या बाईचा फोन आला. आवाज सिगारेटींनी खरखरीत झालेला.

"मीही क्रेनवालीच," ती म्हणाली. "तुला 'कोरडी जा'वाला म्हातारा हवाय ना? त्याला आमच्याकडे सगळे ओळखतात. तुझं झाकण माझ्यासमोर आहे. आत बरंच काही लिहिलंय. वाचून दाखवू?"

"वाचू नकोस, पाठव. आमची एखादी रिकामी वाघीण परत निघालीय का?"

"आहे एक. पण तिच्यावर तिचं झाकण आहे."

"ते काढ की. झाकण म्हणजे झाकण."

ती खोकला येईपर्यंत हसली.

वाघीण सोमवारी यायची ती गुरुवारी आली, ऐन सुनावणीच्या दिवशी, सकाळी अकराला. वर ऑफिसात ब्रुकमन, युनियनचा माणूस आणि इस्त्रीचा सदरा घातलेला एझेल बसले होते. मी दार न वाजवता आत गेले आणि म्हणाले, पाच मिनिटं खाली चला. ब्रुकमन काहीतरी बोलणार होता, पण युनियनचा माणूस आधीच उठला होता.

मी क्रेनवर चढले, निळं झाकण उचललं आणि घोडीवर अलगद ठेवलं. खाली येईपर्यंत ब्रुकमन हातात बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा टाय जमिनीला लागत होता. एझेलचं अक्षर जसंच्या तसं होतं. वाघिणीचा नंबर, सतरा ऑगस्ट, कोरडी जा.

"हे काल रात्री लिहिलं नसेल कशावरून?" ब्रुकमन म्हणाला.

"खाली वाचा," युनियनचा माणूस म्हणाला.

खाली वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या खडूंनी लिहिलं होतं. 'कोरडी आली. मेम्फिस, तेवीस ऑगस्ट.' त्याखाली पिवळ्या खडूने, 'कोरडी आली. सप्टेंबर नऊ.' मग आणखी दोन. शेवटी डार्लीनचं, तिच्या आवाजासारखंच खरखरीत: 'अजून कोरडीच आहे, म्हाताऱ्या.'

तुमची गंजलेल्या कॉइलची वाघीण कारखान्यात उघडली ती एकोणतीस ऑगस्टला, मी म्हणाले. हे झाकण त्याच्या सहा दिवस आधी मेम्फिसमध्ये होतं, म्हणजे वाटेतच कुणीतरी बदललं. आणि हे गळकं असतं तर आत खडू राहिला असता का? माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी तेवढंच बोलून थांबले.

ब्रुकमनने पुन्हा बॅटरी फिरवली आणि सगळ्या तारखा वहीत उतरवून घेतल्या. मग उठून त्याने गुडघे झटकले.

"सोमवारपासून या, पेटवे," तो म्हणाला. "हे झाकण मात्र पुरावा म्हणून इथेच राहू दे."

एझेलने ते ऐकलंच नाही. तो केव्हाच आत जाऊन बसला होता आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. अठ्ठावीस वर्षं तो लिहीत आला होता. कुणी उत्तर देतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं, कारण ज्या झाकणावर उत्तर असायचं ते भलत्याच गावी जायचं. त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि मीही पुसले, त्यात लपवायचं काय.

"चुकले मी, एझेल," मी म्हणाले.

"माहितेय," तो आतूनच म्हणाला. "खडू आहे का?"

माझ्या खिशात खडू नेहमीच असायचा. त्याने डार्लीनच्या ओळीखाली नव्या वाघिणीचा नंबर आणि त्या दिवसाची तारीख घातली.

"पुरावा आहे तो," ब्रुकमन म्हणाला.

"साहेब, बाहेर पावसाचं लक्षण आहे आणि सहा नंबरची वाघीण उघडी पडलीय," एझेल म्हणाला. "झाकण इथे ठेवलं तर ती भिजेल."

ब्रुकमनने छताकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी वर चढले. एझेल इस्त्रीच्या सदऱ्यातच वाघिणीपाशी उभा राहिला. राखाडी वाघीण, निळं झाकण, मी नीट बघून ठेवलं. पहिली खुंटी बसली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी तो वाकला, बोटाने चाचपून बघितलं आणि मग हात आडवा केला.

मी साखळ्या सोडल्या.