जीवशास्त्राची ओटी

मी जीवशास्त्राचा जाडजूड पहिला भाग बोलतोय. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचा, मुखपृष्ठावर बेडूक असलेला. माझी पानं मोजून मुलांचे चेहरे पडतात आणि किंमत वाचून आईबापांचे.

माझा जन्म छापखान्यात झाला, पण पहिला अपमान गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये. तिथल्या हर्षलसाठी त्याच्या बाबांनी मला आणि माझ्या दुसऱ्या भागाला कोरं करकरीत विकत आणलं. हर्षलने आम्हाला एकावर एक रचलं, वर मोबाइल टेकवला आणि वर्षभर क्रिकेट पाहिलं. हृदयाचे चारही कप्पे माझ्या पोटात होते. त्याने एकही उघडला नाही. पुढे घराचं रंगकाम काढलं तेव्हा आमची रवानगी वाचनालयात झाली. "पुस्तकं दान केली," असं बाबा सोसायटीभर सांगत फिरले. दान कसलं? अडगळ काढली!

वाचनालयाची महिन्याची वर्गणी त्याच रस्त्यावरच्या एका कॉफीहून कमी. तरी लोक कॉफी मागवतात, कपाशेजारी नवं पुस्तक ठेवून फोटो काढतात आणि वर कुरकुरतात, "पुस्तकं किती महागली हो!" अरे, मग समोरचा वाचनालयाचा जिना चढा की! पाय काय भाड्याने आणायचेत?

तो जिना चढली मखमलाबादची सृष्टी. घरचा मळा झेंडूचा आणि कोथिंबिरीचा. आम्हा दोघा भागांचा खर्च वाचला तर घरच्यांना हवंच होतं. तिने मला खरोखर वाचलं, तेही पानाचा कोपरा न दुमडता.

ग्रंथपाल गोटीरामकाकांनी तिला बजावलं होतं, "एका कार्डावर एकच पुस्तक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे आण आणि दुसरा भाग ने. संध्याकाळपर्यंत राखून ठेवतो, मागणारे बरेच आहेत."

दसऱ्याला सृष्टीची आजी अंबूबाई हिने पाटीशेजारी मला पूजेत मांडलं. बेडकाला हळदकुंकू लागलं, वर मळ्यातला झेंडू आला. आजवर माझ्यावर मोबाइल टेकला होता. कपाळ पहिल्यांदाच टेकलं.

दुसऱ्या दिवशी सृष्टी मला न्यायला आली, तर मी कपाटात आणि किल्ली अंबूबाईच्या कमरेला!

"घरात आलेली सरसोती कुणी दाराबाहेर घालवतं व्हय?"

"आई, ते वाचनालयाचं हे," सृष्टीचे वडील संतोष म्हणाले.

"मंग? गंगामाय तरी तुझ्या नावावर हाय का?"

सृष्टीने तेवढंच पकडलं. "तेच म्हणते मी आजी! गंगा आपल्या मळ्याला पाणी देते आणि पुढे जाते. आपण तिला अडवून ठेवतो का?"

"धरणवाले ठेवत्यातच की!"

कपाटात हसून हसून माझी शिवण उसवायची राहिली. सृष्टी मात्र रडकुंडीला आली होती. दुपार कलली होती, आणि दुसरा भाग दुसऱ्या कुणी नेला की परीक्षेआधी तो मिळायची आशा नव्हती.

"आजी, हिची धाकटी बहीण तिकडे अडकून पडलीय गं," ती शेवटी म्हणाली. "ही माघारी गेल्याशिवाय ते तिला धाडत नाहीत."

अंबूबाई थबकली. "दोघी बहिणी हायेत? लय येडी तू! आधी सांगू नाय?"

किल्ली निघाली. पण लेकीबाळीला घरातून अशी मोकळी कशी पाठवायची? तिने चक्क माझी ओटी भरली. तांदूळ, सुपारी, नारळ आणि नवा खण! मी, बेडकाचं पुस्तक, खणात गुंडाळून मिरवत निघालो. पोहोचवायला अंबूबाई स्वतः.

काउंटरवर खण सोडताच तांदूळ सांडले.

"आजी, उंदीर येतील हो!" गोटीरामकाका ओरडले.

"मंग मांजर पाळ, भाऊ. सरसोतीचं घर हे."

काकांनी हसत दुसरा भाग सृष्टीच्या हातात ठेवला. तिने तो असा कवटाळला की मला हेवा वाटला. अंबूबाई कपाटांवरून नजर फिरवत राहिली.

"येवढ्या साऱ्या? आन् न्यायला कुणीच नाय?"

काका सांडलेले तांदूळ गोळा करू लागले. 

निघताना ती माझ्याशी वाकून बोलली, "जाते म्हणू नको बाई. येते म्हण."

आता मी फळीवर उभा आहे. पानांच्या बेचक्यात तिच्या ओटीचा एक तांदूळ अजून अडकलाय. मला विकत घेऊ नका. जिना चढा, मला न्या, वाचा आणि वेळेवर परत आणा. ओटी नाही भरली तरी चालेल. फक्त मोबाइल टेकवू नका.

बराय, येतो.