सहा पंचावन्नला कोण येतं?

बाबांकडून कंपनीची खुर्ची मिळाल्याला आठ महिने झाले, आणि थोरलीला आता स्वतःच्या सावलीचाही संशय यायला लागला होता. उगाच नाही. रोज सकाळी नऊला ती मुख्य कॉम्प्युटर उघडायची, आणि नोंदीत एकच ओळ दिसायची: 'घर, ६:५५'. तिच्याआधी दोन तास कुणीतरी आत शिरून गेलेलं असायचं.

कंपनी लहान, पण काम जोखमीचं. औषधांच्या, लशींच्या शीतगृहांत त्यांची करड्या रंगाची खोकी बसवलेली असत. दार उघडं राहिलं, आतली थंडी उतरली, की खोकं घंटा वाजवायचं. किती मिनिटांनी वाजवायची, ते इथून, या एका कॉम्प्युटरवरून ठरायचं. बाबांच्या काळात वीस मिनिटं होती. थोरलीने खुर्चीत बसल्या बसल्या ती आठ केली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं धाडली. तिचा स्वतःचा असा तो पहिला निर्णय.

आता हे 'घर' कोण, असं कुणीही विचारेल. तर घरातली तीन माणसं, बाबा, काका आणि ती, एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत जायची. कामगारांना वेगवेगळी नावं, वेगवेगळे पासवर्ड, दर महिन्याला बदलायचे. घरच्यांना मात्र एकच. "आपापसात कसली कुलपं?" असं बाबा म्हणायचे. जगाला धोक्याच्या घंटा विकणाऱ्या माणसाचं हे बोलणं! त्यात भर म्हणजे नोंदीत फक्त शेवटचा हात राहायचा. कोण आला एवढंच, त्याने काय केलं ते नाही.

बाबा हृदयाच्या ऑपरेशननंतर घरीच असत. राहता राहिला काका. काका वर्कशॉप सांभाळायचा. खुर्ची त्याला मिळेल असं सगळे धरून चालले होते, बहुधा तोही. बाबांनी ती लेकीला दिली, तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. जरा जास्तच वेळ वाजवल्या, असं तिला आता आठवत होतं. एकदा का मनात पाल चुकचुकली की जुन्या टाळ्याही वेगळ्या ऐकू येतात.

तिने रखवालदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काकासाहेब ना? रोज साडेसहाला येतात," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नाही?"

तिने मग सगळी मांडणी तपासली. आठची आठच मिनिटं, कुठे काही बदललेलं नाही. म्हणजे काका काही बदलत नाही, तर गिऱ्हाइकांची माहिती बाहेर नेतोय. गेल्या महिन्यात दोन जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. ती बाबांकडे गेली.

"काका रोज पहाटे आत शिरतो. का, ते कळत नाही."

बाबांनी कपातला चहा उगाच ढवळला. "माणूस चांगला आहे गं. पण त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. हे मी तुला लहानपणापासून सांगतोय."

खरंच सांगत आले होते. सोमवारी तिने पासवर्ड बदलला, नवा फक्त बाबांना चिठ्ठीवर लिहून दिला, आणि काकाला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुम्ही काही दिवस घरीच थांबा. किल्ल्या इथे ठेवा."

आयुष्यभर ती त्याला अरे-तुरे करत आली होती. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांची असताना ती वर्कशॉपमध्ये सगळ्यांवर हुकूम सोडायची, तेव्हापासून तो तिला साहेब म्हणायचा.

"बरं, साहेब," एवढंच म्हणून त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कारणसुद्धा विचारलं नाही. चोराच्याच वागण्यात बसतं हे, असं तिने ठरवून टाकलं आणि त्या दिवशी ती हलक्या मनाने घरी गेली.

मंगळवारी सकाळी औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या माणसाने रात्री दार उघडं टाकलं होतं, घंटा वाजली ती वीस मिनिटांनी, लशींची सगळी खेप वाया गेली. "तुमचं आठ मिनिटांचं पत्र फ्रेम करून भिंतीला लावू का?" त्याने विचारलं आणि फोन आपटला.

तिने कॉम्प्युटर उघडला. सगळ्या खोक्यांवर वीस मिनिटं. नोंदीत ओळ होती: 'घर', वेळ आदल्या रात्री जेवणानंतरची. नवा पासवर्ड दोघांनाच माहीत होता.

बाबा बाल्कनीत बसले होते, लॅपटॉप मांडीवर. घरून मुख्य कॉम्प्युटर उघडायची सोय तिनेच त्यांना करून दिली होती, नुसतं बघण्यापुरती.

"वीस तुम्ही केलीत?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बावीस वर्षं वीसच होती. आठावर उठसूट घंटा वाजते, लोक कावतात. म्हणून ती दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. मी रोज जेवण झाल्यावर वीस करायचो, सकाळी परत आठ झालेली असायची. मला वाटलं, तूच करतेस. म्हटलं, पोरगी नेटाची आहे."

ती करत नव्हती. सहा पंचावन्नला दुसरंच कुणीतरी करत होतं, आणि त्याला तिने काल घरी बसवलं होतं.

"मी काकाचं नाव घेतलं, तेव्हा तुम्हाला कळलं असेल."

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझंच बिंग फुटलं असतं," बाबा म्हणाले. मग हलकेच लॅपटॉप मिटला. "आता नाही हात लावणार. शब्द देतो."

तिला रडू येत होतं आणि रागही, आणि त्यांच्यापुढे दोन्ही दाखवायची लाज वाटत होती.

काका त्याच्या अंगणात शेजाऱ्याचा टेबलफॅन उघडून बसला होता. त्याने सरकून तिला बाकावर जागा दिली.

"वीस झालेलं पहिल्यांदा दिसलं ते चाचणी करताना," तो पंख्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मग रोजच लवकर जायला लागलो."

"मला का नाही सांगितलंस? मी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

काकाने जरा विचार केला. "नाही. दादाचं नाव नसतं घेतलं."

म्हणजे विचारूनही तिचा संशय वाढलाच असता. या घरात सगळे एकमेकांना सांभाळत होते आणि त्यापायी लशी नासत होत्या.

"चुकलं माझं, काका. परत ये."

"पासवर्ड बदललास?"

"बाबांनी शब्द दिलाय."

"दिला असेल. बदल."

"ऑपरेशन झालंय त्यांचं. एवढंच तर उरलंय त्यांच्याकडे."

"साहेब, मी येईन. पण पहाटे उठून दादाच्या चुका पुसायला नाही येणार. तुझ्या कंपनीत यायचं तर ती आधी तुझी कर."

तिने फोनवरूनच मुख्य कॉम्प्युटर उघडला. वीसची आठ केली. मग 'घर' हे नावच खोडून टाकलं आणि स्वतःचं वेगळं खातं उघडलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. बावीस वर्षांचं नाव पुसायला तेवढी पुरली.

काकाने पंख्याचा स्क्रू पिळला, पातं फिरवून बघितलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा.

"अगं," ते म्हणाले, "तो तुझा नवा पासवर्ड मला आत घेतच नाहीये."

काकाने मान वर केली नाही.

"बाबा, तुम्ही कशासाठी उघडत होतात?"

"नुसतं बघायला गं."

"उद्या ऑफिसात या," ती म्हणाली. "माझ्या शेजारी बसून बघा. उघडायचं मात्र मीच."

मग बाबांनी विचारलं, "काकाने कान भरले ना तुझे?"