खिशातला टेस्टर

मी एक जुना टेस्टर आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेलच. बहुधा चमच्यांच्या खणात लोळत पडलेला, आणि डब्याचं घट्ट झाकण उचकटायलाच आठवणारा. आमच्या जातीचं हे असं झालंय. म्हणून आधीच सांगतो, आमचं खरं काम वेगळं आहे.

पुढे लोखंडी टोक, मागे पारदर्शक मूठ आणि मुठीत तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, एवढाच मी. टोक तारेला लावायचं, मागच्या टोपीवर बोट टेकवायचं. तारेत वीज असेल तर माझा दिवा लागतो, नसेल तर लागत नाही. पण मीही कधीतरी आजारी पडतो. तेव्हा चालू तारेवरही गप्प बसतो. म्हणून मला आधी चालू तारेवर पेटवून बघायचं आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवायचा.

सान पेद्रो शहरातल्या साखर कारखान्यामागे आमची वस्ती आहे. तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी कितीतरी दिवस टांगून होतो. नेरेइदाने मला घेतलं आणि धाकट्या भावाच्या, लिबोरिओच्या, खिशाला अडकवलं. दोघं भावंडं घरांत वायरिंग करायची. भिंतीतल्या पाइपातून तारा ओढायची ती, आणि जोडायचा तो. लिबोरिओचा हात फार सफाईदार होता. लोक त्याचं कौतुक करायचे आणि मी त्याच्या छातीशी बसून फुगायचो.

पण परवाना नव्हता. परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीशिवाय नव्या घराला मीटर बसत नसे. मग एक इंजिनिअरसाहेब यायचे, गाडीतून न उतरता सही करायचे आणि काम त्यांच्या नावावर जायचं. घरमालकीण कॉफीचा कपसुद्धा त्यांच्याच हातात द्यायची. ही दोघं घामाघूम होऊन भिंतीला टेकून बघत असायची.

"ताई, एकदा परवाना हातात पडू दे," लिबोरिओ म्हणायचा, "मग कॉफी आपल्याला. आणि साखर चार चमचे सांगणार मी."

"आधी पास हो. मग दात पाड स्वतःचे," नेरेइदा म्हणायची.

त्याने पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. 'लिबोरिओ आणि नेरेइदा, परवानाधारक विद्युत कंत्राटदार.' जुनी चादर गुंडाळून ती त्याने पलंगाखाली सरकवली होती.

आता आमच्या वस्तीची एक खोड सांगतो. आमच्याकडे लाइट रोज जाते. आणि लाइट गेली की लोक म्हणतात, चला, आता दुरुस्ती करून घेऊ. आयती बंद आहे तर मेन स्विच कशाला बंद करायचा? शिवाय मेन बंद केला तर लाइट आल्याचं कळणार कसं? म्हणून एक दिवा मुद्दाम चालू ठेवायचा. लाइट आली की सगळी गल्ली ओरडते, "लाइट आली!" आणि टाळ्या वाजवते. कामं अशीच व्हायची. लिबोरिओनेही जन्मभर अशीच केली. मी खिशातच असायचो. मला बाहेर काढायची त्याला गरजच वाटत नसे.

परवान्याची लेखी परीक्षा तो पास झाला. प्रात्यक्षिकाला परीक्षकांनी एक बोर्ड उघडून पुढे ठेवला. "लाइन बंद आहे. कर सुरुवात," ते म्हणाले. लिबोरिओने सरळ आत हात घातला.

"थांब. टेस्टर कुठाय तुझा?"

"हा काय, खिशात."

"खिशात बसून काय उजेड पाडतोय तो?"

लिबोरिओ नापास झाला. घरी येऊन त्याने पिशवी आपटली. "बंदच होती ना लाइन? मेलो का मी?"

"नाही मेलास. पण त्यांचं म्हणणं चूक नाही रे," नेरेइदा म्हणाली. "पुढच्या वेळी काढ ना बाहेर त्याला. काय जातं तुझं?"

"परीक्षेत काढेन, ताई. परीक्षेपुरता काढेन."

मी हे ऐकलं. मला तोंड असतं तर त्याला तिथेच झाडला असता.

दुसऱ्या परीक्षेची तारीख लागली होती. अशात एका दुपारी लाइट गेली आणि डोन्या फेफा, म्हणजे फेफाबाई, आपल्या किराणा दुकानाच्या दारातून हाका मारू लागल्या. त्यांच्या फ्रीजरची तार जळाली होती, आतली कोंबडी पाणी सोडत होती. नेरेइदा दुसऱ्या कामावर होती. लिबोरिओ एकटाच गेला. डोन्या फेफांनी रिवाजाप्रमाणे काउंटरवरचा दिवा चालू ठेवला. दारात म्हातारे डोमिनो खेळत होते. लिबोरिओ फ्रीजरमागे वाकला. एक हात पत्र्यावर होता, दुसऱ्यात तार.

"लाइट आली!"

गल्लीभर टाळ्या वाजल्या. रेडिओ सुरू झाले. डोन्या फेफांनीही टाळ्या वाजवल्या आणि मग मागे वळून बघितलं. मी त्याच्या खिशात होतो, मित्रांनो. त्याच्या छातीतली धडधड थांबली ती मला कळली. मेन चालूच होता, आणि माझं जे एकच काम होतं तेही करायला मला कोणी सांगितलंच नाही. याचं दुःख मला अजून आहे.

रुग्णालयातून मी त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीतून घरी आलो. नेरेइदाने मला चमच्यांच्या खणात टाकलं. खण उघडला की ती माझ्याकडे न बघता चमचा घ्यायची. मी गंजू लागलो. पाटी पलंगाखाली तशीच होती.

मग एके सकाळी तिने मला उचललं आणि सॅन्डपेपरने टोक घासून काढलं. तिने परवान्यासाठी स्वतःचं नाव दिलं होतं.

तेच परीक्षक होते आणि तोच बोर्ड. "लाइन बंद आहे," ते म्हणाले.

"असेल," नेरेइदा म्हणाली. "चालू लाइन कुठेय?"

बाजूच्या प्लगवर तिने मला पेटवलं, मग बोर्डाच्या एकेका तारेला लावलं, आणि पुन्हा प्लगवर पेटवून पाहिलं. परीक्षकांनी मान हलवली.

"कुणाकडे शिकलीस?"

"भावाकडे."

"चांगला कारागीर दिसतोय."

नेरेइदाने मला पुसून खिशात ठेवलं.

पाटी दारावर लागली. दोन्ही नावं तशीच ठेवून. पण पहिलं बोलावणं आलं ते डोन्या फेफांकडून. त्या फ्रीजरला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. नेरेइदा पोचली आणि लाइट गेली.

"दिवा लावून ठेवू का गं?" डोन्या फेफा सवयीने म्हणाल्या. "म्हणजे लाइट आल्याचं..." आणि त्यांनी तोंडावर हात दाबला.

"राहू द्या. शेजारी ओरडतीलच," नेरेइदा म्हणाली.

तिने मेन बंद केला आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. मग मला घेऊन समोरच्या न्हाव्याकडे गेली. त्याचा पंखा इन्व्हर्टरवर चालतो.

"लाइट नाही आणि टेस्टर घेऊन हिंडतेय ही," एक डोमिनोवाला म्हणाला. कोणी हसलं नाही.

न्हाव्याच्या प्लगवर मी लख्ख पेटलो. परत येऊन ती फ्रीजरमागे वाकली आणि मला तारेला लावलं. मी विझलेला. तेवढ्यात गल्ली ओरडली.

"लाइट आली!"

टाळ्या वाजल्या, रेडिओ लागले, समोरचे दिवे लागले. नेरेइदाने मला तारेवर आणखी घट्ट दाबलं, टोपीवर अंगठा टेकवला आणि बघत राहिली.

मी पेटलो नाही.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. डोन्या फेफांनी कॉफी आणून तिच्या हातात दिली. तिने साखर चार चमचे मागितली.

मित्रांनो, आम्हाला जपा म्हणजे तेल लावून कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. लाइट गेलेली असली तरी आधी मेन बंद करा आणि मला खिशातून बाहेर काढा, एवढंच माझं मागणं आहे.