कारणाचा रकाना सूड घेतो

मी एक जुना रकाना आहे. शहराच्या चर्चेच्या संकेतस्थळावरचा, 'कारण' नावाचा. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो.

त्या संकेतस्थळाची रचना करणाऱ्या एका ताईने मला घडवले. तिचा नियम साधा होता: मत मांडायचे तर माझ्यात कारण लिहायचे, आणि विरोध करायचा तो त्या कारणाला, माणसाला नाही. लोकांनी मला डोक्यावर घेतले. शिवी द्यायला आलेला माणूस माझ्यापाशी थबके आणि बरेचदा गुपचूप परत जाई.

मग संकेतस्थळ चालवायला नवे साहेब आले. भांडणे कमी म्हणजे गर्दी कमी, हे त्यांचे गणित.

"मॅडम, लोक काय परीक्षेला बसलेत? काढा तो रकाना."

"काढला तर जुन्या नोंदी मोडतील, साहेब."

"मग लपवा! दिसला नाही म्हणजे झालं."

मला लपवले. ताईला तक्रारींचे फोन घ्यायला बसवले. पुढची दोन वर्षे संकेतस्थळावर नुसती चिखलफेक चालली. मी एकही शिवी विसरलो नाही.

पण लपवले ते फक्त लोकांपासून; साहेबांच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र मी तसाच राहिलो होतो. मला भरल्याशिवाय त्यांचे मत पुढे सरकत नसे. वाचतोय कोण, म्हणून ते माझ्यात मनातले लिहीत.

यंदा मुलांचे एकमेव मैदान बंद करायचे का, यावर चर्चा निघाली. साहेबांनी मत टाकले, "मैदान धोकादायक आहे." माझ्यात लिहिले, "मेहुण्याला गाड्या लावायला जागा हवी."

निर्णयाच्या बैठकीसाठी सारी चर्चा छापायची होती, आणि ते काम ताईकडेच आले. छापताना लपवलेले रकानेही कागदावर उतरतात, हे साहेबांना ठाऊक नव्हते. ताईला होते.

"साहेब, छापण्याआधी एकदा नजर टाकता?"

"वेळ नाही. छापा."

मी पानापानावर ठसठशीत उमटलो. बैठकीत एका आजोबांनी चष्मा पुसला, साहेबांचे कारण मोठ्याने वाचले आणि विचारले, "काय हो साहेब, मेहुणे आलेत का? येऊ द्या की पुढे, आम्हीही बघू!"

सभागृह खो खो हसले. साहेबांचा उतरलेला चेहरा मी पोटभर पाहिला. मैदान मुलांकडेच राहिले.

मित्रांनो, झाले गेले विसरून जा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी विसरलेलो नाही. मला जपा, माझ्यात खरे लिहा. जो मला लपवेल, त्याचे लिहिलेलेही मी जपून ठेवीन. अक्षरन् अक्षर.