एकशे अठ्ठ्याऐंशीपासून पुढे

"एकही प्रोग्रॅम उघडत नाहीये! ओक वृक्षांच्या चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत आत, आणि मला साधा आलेख काढता येईना!" प्राध्यापक हार्निश सोमवारी सकाळी आठलाच दारात उभे होते. "शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, सोमवारी सगळं तयार असेल. मग थांबवलं कुणी?"

आल्ब्रेख्त विझनरांनी पडद्याकडे पाहिलं. हार्ट्झ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या छोट्या वनशास्त्र संस्थेचा सर्व्हर एकतीस वर्षं तेच सांभाळत होते. शुक्रवारी त्यांनी त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली होती. पाया बदलला की वरची एकेक खोली नव्याने बांधावी लागते. तशी प्रोग्रॅमची चारशे बारा पॅकेजेस पुन्हा बांधायला लावून ते घरी गेले होते. काम एकशे सत्त्याऐंशीवरच थांबलं होतं.

का, ते त्यांना पाहताक्षणी कळलं. मोठं काम नेहमी वेगळ्या खिडकीत सोडायचं, म्हणजे आपण गेलो तरी ते चालू राहतं, हे त्यांनीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. शुक्रवारी मात्र घरी जायच्या घाईत त्यांनी ते साध्या खिडकीत सुरू केलं आणि लॅपटॉप मिटला. काम तिथेच मेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"शुक्रवारी संध्याकाळी टोप्राकबाई सर्व्हरच्या खोलीत गेल्या होत्या," ते म्हणाले.

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. हार्निश नुसतं "अस्सं" म्हणाले आणि गेले. सेलिन टोप्राक विझनरांची मदतनीस. तिचा दोन वर्षांचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे हार्निश आजच ठरवणार होते. विझनरांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी हाक मारून त्यांना थांबवलं नाही.

पाच मिनिटांनी सेलिन आली ती लाल कानांनी.

"प्राध्यापक विचारतायत, कुठली तार उपटलीस म्हणून. अहो, मी फक्त पंख्याची जाळी पुसली!" ती कीबोर्डसमोर बसली. "जाऊ दे. विझनरसाहेब, पहिल्यापासून बांधायचं की थांबलं तिथून?"

"थांबलं तिथून. पण आधी लॉग बघा."

ती खाली खाली वाचत गेली. शेवटच्या ओळीत वेळ होती, शुक्रवार, चार वाजून दोन मिनिटं. खिडकी बंद झाल्याची नोंद होती आणि पुढे विझनरांच्या लॅपटॉपचं नाव. तिचं बोट तिथे थांबलेलं त्यांना दिसलं.

"एकशे अठ्ठ्याऐंशीपासून," ती म्हणाली. तिने आधी ती वेगळी खिडकी उघडली आणि मग काम सुरू केलं.

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विझनरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि हार्निशांकडे गेले.

"ते माझ्या हातून झालं."

हार्निश हसले. "तुमच्या? अहो, तुम्ही कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघता! पाठीशी घालताय पोरीला. मन मोठं आहे हो तुमचं."

एकतीस वर्षांत कमावलेलं नाव आता त्यांचं खरं बोलणंही ऐकू देत नव्हतं. ते परत आले, सेलिनच्या खांद्यावरून वाकून त्यांनी ती ओळ छापली आणि कागद नेऊन हार्निशांच्या टेबलावर ठेवला. हार्निशांनी तो दोनदा वाचला.

"तिने पाहिलंय हे?"

"माझ्याआधी."

"आणि तरी बोलली नाही काही?"

"नाही."

"ती काही बोलली नाही," हार्निश सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही बोललात."

विझनरांची मान वर होईना. हार्निशांनी खणातून कराराचा कागद काढला, सही केली आणि पुढे सरकवला. "तुम्हीच नेऊन द्या."

सेलिन पडद्याकडे बघत होती. विझनरांनी कागद तिच्या कोपराशी ठेवला. "टोप्राकबाई, मी... माफ करा मला."

तिने सही पाहिली. कागदाची घडी घालून तो बॅगेत टाकला.

"दोनशे चाळीस झाली," ती म्हणाली.

शेजारची खुर्ची रिकामी होती. खोली त्यांचीच होती, पण ती बसा म्हणेपर्यंत विझनर उभेच राहिले.